छर्ऱ्याचा कचरा कधी होतो?

गेल्या रविवारी सकाळी सकाळी कोल्हापूरहून भाचीचा फोन. एरवी ही बया व्हॉट्सॅपवर अंगठा दाखवण्यापलीकडे मामाशी बोलत नाही, त्यामुळे फोन आला म्हणजे काहीतरी गंभीर असणार हे मी ओळखलं.

"मामा, युरोपात शिशावर बंदी येणार म्हणे. मग आमचं काय?"

आमचं म्हणजे दहा मीटर एअर रायफलचं. वय वर्षे चौदा. दोन वर्षांपासून रोज शाळा सुटली की रेंजवर जाते. ताई आणि भाऊजींनी तिच्या रायफलपायी नवी गाडी घ्यायचं पुढे ढकललंय, तेव्हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. मी म्हटलं, "वाचून सांगतो." आता आमच्यासारख्या हापिसात कोड पाडणाऱ्या माणसानं 'वाचून सांगतो' म्हटलं की काय होतं तुम्हाला माहितीये. दुपारपर्यंत ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे, जेवण गार, आणि बायकोचा चेहरा त्याहून गार.

पण वाचता वाचता एक गंमत झाली. ज्या जागेपाशी या सगळ्या भानगडीतला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला गेला, ती जागा मी पाहिलेली निघाली. तेव्हा कळलं नव्हतं, एवढंच. म्हणून हा लेख.

आपल्या मराठी माणसाची शिशाशी पहिली ओळख होते ती शिसपेन्सिलीतून, आणि तिच्यात शिसं नसतंच! ते ग्राफाइट. खरं शिसं म्हणजे मऊ, नखानं ओरखडा काढता येईल असा, ३२७ अंशांना वितळणारा आणि पाण्याच्या सव्वाअकरा पट जड धातू. बंदूकवाल्यांना याहून सोयीचं काही मिळणं शक्यच नव्हतं. चुलीवर वितळतो, म्हणून घरी गोळी ओतता येते. मऊ आहे, म्हणून नळीच्या आतल्या आट्यांत गोळी घट्ट बसते, गिरकी घेते आणि नळीला मात्र इजा करत नाही. जड आहे, म्हणून हवेत लवकर दम तोडत नाही. वर स्वस्त. एकाच धातूत एवढे गुण.

छर्ऱ्यांची कथा तर अजून मजेदार. ब्रिस्टलमधल्या विल्यम वॉट्स नावाच्या माणसानं १७८२ मध्ये एक पेटंट घेतलं. वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून सोडायचं, पडता पडता थेंब आपोआप गोल होतात आणि खाली पाण्यात पडून गार होतात. शिशात थोडं आर्सेनिक घातलं की थेंब आणखी छान गोल होतो. यासाठी वॉट्सनं रेडक्लिफ हिलवरच्या स्वतःच्या राहत्या घरावर मनोरा चढवला आणि खाली जमीनही खणली. शेजाऱ्यांनी काय म्हटलं असेल देव जाणे. ही इमारत १९६८ पर्यंत उभी होती. पुढे असे मनोरे ठिकठिकाणी झाले. अमेरिकेत बाल्टिमोरला १८२८ चा एक अजून आहे, ७१ मीटर उंच.

म्हणजे गोल, एकसारखा, स्वस्त छर्रा मुबलक मिळायला लागला. मग त्याच्यावर खेळ उभे राहिले. आधी खरी कबुतरं पेटीतून सोडायची आणि मारायची. त्या पेटीला म्हणायचे ट्रॅप, म्हणून खेळाचं नाव ट्रॅप. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवर नेम धरले गेले. पण १८८० मध्येच सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं मातीची उडती तबकडी काढली होती, आणि हळूहळू कबुतरांची सुटका झाली. 'क्ले पिजन' हे नाव तेवढं राहिलं. १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये स्कीट हा भाऊबंद जन्माला आला.

बघा, पक्ष्याचा जीव वाचावा म्हणून केलेला बदल. पण छर्रा खाली पडल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

आता बदकांकडे वळू. पक्ष्यांना दात नसतात. ते बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या एका जाड स्नायूच्या पिशवीत त्या खड्यांनी दाणे भरडतात. (मटणाच्या दुकानात 'कलेजी-पेटा' मागतो ना, त्यातला पेटा.) तळ्याच्या गाळात चोच घालणाऱ्या बदकाला खडा आणि छर्रा यांतला फरक कळत नाही. छर्रा पेट्यात जातो, दळला जातो, शिसं रक्तात उतरतं. पंख लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही आणि पक्षी भरल्या पोटी उपाशी मरतो.

शिकाऱ्यांना हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच कळू लागलं होतं. पण हिशोब मांडला तो फ्रँक बेलरोज या इलिनॉयच्या शास्त्रज्ञानं, १९५९ मध्ये. त्याचा अंदाज असा की उत्तर अमेरिकेतली दोन ते तीन टक्के पाणपाखरं दरवर्षी गिळलेल्या शिशानं मरतात. दोन टक्के ऐकायला कमी वाटतं, पण बदकांची संख्या कोट्यवधीत होती. पुढे अशी विषबाधा झालेली बदकं खाऊन बाल्ड ईगल मरताहेत हेही दिसलं. राष्ट्रीय पक्षीच मरायला लागल्यावर सरकार हललं, आणि टप्प्याटप्प्यानं १९९१ पर्यंत अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे पूर्ण बंद झाले. बेलरोजच्या आकड्यापासून बंदीपर्यंत बत्तीस वर्षं. आमच्या प्रोजेक्टच्या डेडलाइनबद्दल मी यापुढे तक्रार करणार नाही.

पण हे झालं शिकारीचं. भाचीचा प्रश्न नेमबाजीचा होता, आणि ती गोष्ट वेगळी आहे. शिकारी दिवसभरात चारदोन बार काढतो, तेही दहा ठिकाणी फिरून. नेमबाज मात्र एकाच जागी उभा राहून एकाच दिशेला वर्षानुवर्षं बार काढत राहतो.

२००७ मध्ये मी सहा महिने ऑनसाइट होतो, कनेक्टिकटमध्ये. गाडी नवीन शिकलेलो, त्यामुळे दर शनिवारी कुठेतरी समुद्रकाठी जायचं हा आमच्या तिघा रूममेट्सचा नेम. असेच एकदा स्ट्रॅटफर्डजवळच्या लॉर्डशिप भागात गेलो. एका टोकाला लाल पट्ट्याचं जुनं दीपगृह, भन्नाट वारा, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली दोनतीन म्हातारी मंडळी पक्षी बघताहेत. आम्ही डब्यातले पराठे खाल्ले, फोटो काढले आणि परत आलो. माझ्या डोक्यात ती जागा म्हणजे 'छान वारा, पार्किंग फुकट' एवढीच नोंद.

त्या रविवारी कळलं की त्या जमिनीवर जवळजवळ सत्तर वर्षं रेमिंग्टन या बंदूक कंपनीचा गन क्लब होता. ट्रॅप आणि स्कीट. नेमबाज समुद्राकडे तोंड करून उभे राहत, तबकडी पाण्यावर उडे. किती सुंदर जागा! मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, छर्रे जातात पाण्यात. १९८६ अखेर नेमबाजी थांबली तोवर त्या किनाऱ्यावर आणि पाण्यात जवळजवळ ५० लाख पौंड शिसं आणि १ कोटी १० लाख पौंड फुटक्या तबकड्या साचल्या होत्या. शिशाचंच बोलू. ५० लाख पौंड म्हणजे साडेबावीसशे टनांहून जास्त. दहा टनी सव्वादोनशे ट्रक. मी काडतुसात बसवून पाहिलं, तर अंदाजे सात-आठ कोटी बार होतात. कुणीही वाईट हेतूनं काही टाकलं नव्हतं. लोक रविवारी येत, खेळत, घरी जात.

मग तिथल्या किनारी मच्छिमारांच्या संघटनेनं रेमिंग्टनवर खटला भरला. १९९३ मध्ये तो अपील कोर्टात पोचला आणि तिथे तो प्रश्न उभा राहिला, जो मला फार आवडला: छर्ऱ्याचा कचरा कधी होतो?

कायद्यात कचरा म्हणजे टाकून दिलेली वस्तू. आता विचार करा. छर्रा झाडणं हा तर त्याचा ठरलेलाच उपयोग आहे. साबण वापरला म्हणजे तो कुणी 'टाकला' असं आपण म्हणतो का? नाही. मग छर्रा नळीतून सुटला तेव्हा कचरा? की तबकडीला लागून पाण्यात पडला तेव्हा? की दहा वर्षं गाळात पडून राहिला तेव्हा? पर्यावरण खात्याचं, म्हणजे ईपीएचं, म्हणणं असं की बार काढताक्षणी कचरा होत नाही, पण इतकी वर्षं साचून राहिल्यावर होतो. कोर्टानं ते मान्य केलं. इतका काळ पडून राहिलेलं शिसं हा कचरा आहे, आणि धोकादायक कचरा आहे. मात्र नेमका कधी झाला, किती दिवसांनी झाला, हे ठरवायची इथे गरज नाही म्हणून कोर्टानं ते सोडून दिलं.

वाचताना आधी वाटलं, ही तर पळवाट. मग लक्षात आलं की त्या न दिलेल्या उत्तरातच नेमबाजीचं सगळं भवितव्य आहे. कारण पडलेलं शिसं वेळेवर उचललं, तर ते कचरा न होता भंगार होतं. आणि भंगाराला भाव असतो!

ईपीएनं २००१ मध्ये उघड्या रेंजसाठी एक पुस्तिकाच काढली. मातीचे बांध घाला, गोळी त्यात अडकू दे. माती आम्लधर्मी असेल तर चुना टाका, म्हणजे शिसं विरघळून पाण्यात उतरणार नाही. ओढ्यावर, तळ्यावर नेम धरू नका. आणि ठराविक काळानं शिसं चाळून काढा आणि विका. आपल्या शेतकऱ्याला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत समजलं असतं. लॉर्डशिपचा किनाराही पुढे साफ केला गेला, २०१४ मध्ये तिथे सेक्रेड हार्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी किनारा सावरायला काँक्रीटचे पोकळ गोळे पाण्यात मांडले. आम्ही पराठे खाल्ले ती जागा सत्तर वर्षांची चूक निस्तरून झालेली होती.

आता युरोप. युरोपियन संघाच्या रसायन संस्थेचा अंदाज सांगतो की तिथे दरवर्षी सुमारे ४४,००० टन शिसं उघड्यावर पसरतं. मला वाटलं होतं यात मोठा वाटा शिकाऱ्यांचा असेल. तसं नाही. ५७ टक्के वाटा नेमबाजीच्या खेळाचा, ३२ टक्के शिकारीचा, उरलेला मासेमारीचा. म्हणजे पक्ष्याला हातही न लावणारे आपले सभ्य खेळाडूच पुढे!

पटत नसेल तर साधा हिशोब करू. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोडनं डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा आपण सगळे टीव्हीला चिकटलो होतो. पात्रता फेरीच्या १५० तबकड्या आणि अंतिमच्या ५०. एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, म्हणजे एका खेळाडूचं एका स्पर्धेत ४.८ किलो शिसं. ते सुद्धा अडीचशे-तीनशे बारीक छर्ऱ्यांच्या फवाऱ्यात, दोनशे मीटरपर्यंत विखुरलेलं. आणि स्पर्धेआधीचा चार वर्षांचा सराव? तो तुम्हीच गुणा.

यावर देशोदेशी काय झालं? डेन्मार्कनं १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सरसकट बंद केले, खेळासकट. नॉर्वेनं २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१५ मध्ये ती शिकारीसाठी काही प्रमाणात मागे घेतली, पण गंमत अशी की पाणथळ जागा आणि नेमबाजीच्या रेंज इथे कायम ठेवली. युरोपियन संघात पाणथळ जागी आणि त्यांच्या शंभर मीटरच्या आत शिशाचे छर्रे झाडायला फेब्रुवारी २०२३ पासून मनाई आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कमिशननं त्याहून मोठ्या बंदीचा मसुदा सदस्य देशांपुढे ठेवला, तीच भाचीच्या कानावर आलेली बातमी.

"मग स्टीलचे छर्रे वापरा की!" असं मी पण म्हटलं असतं. वापरतातही. पण इथे आमच्या धंद्यातली एक जुनी दुखणी आडवी येते: बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. स्टील शिशापेक्षा तीस टक्के हलकं. त्याच मापाचा छर्रा लवकर वेग गमावतो. मोठा छर्रा घ्यावा तर संख्या कमी होते, आणि नियमाप्रमाणे तो २.६ मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. स्टील कडक, त्यामुळे जुन्या नळ्यांना धोका, आणि कठीण पृष्ठभागावर आपटून उलट येण्याची भीती. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम सांगतो की छर्रे शिशाचे, शिशाच्या मिश्रधातूचे किंवा महासंघानं मान्य केलेल्या पदार्थाचे हवेत. म्हणजे दार बंद नाही, पण चावी महासंघाकडे आहे. देशाचा कायदा एक म्हणतो आणि खेळाचं नियमपुस्तक दुसरंच गृहीत धरतं, मधल्या मध्ये खेळाडू.

तरी छर्ऱ्यांचं निभावेल असं मला वाटतं. काडतुसातलं वजन पूर्वी ३२ ग्रॅम होतं, मग २८ झालं, मग २४. दर वेळी खेळ बुडाला अशी ओरड झाली असणार. डेन्मार्कला बंदीनंतरच्या काळात स्कीटमध्ये ऑलिंपिक रौप्य मिळालं आहे, २०१२ मध्ये आणि पुन्हा टोकियोत. खेळ संपला नाही.

खरी अडचण गोळीवाल्यांची. पन्नास मीटर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. चांगले नेमबाज एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून तपासून घेतात, इतका तो मामला नाजूक. त्या नळ्या, ते आटे, सगळं मऊ आणि जड शिसं गृहीत धरून घडवलेलं. नियमही 'शिसं किंवा तसाच मऊ पदार्थ' एवढंच म्हणतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं, ते याच पन्नास मीटरवर. दोघंही कोल्हापूरचेच, त्यामुळे भाचीच्या घरी या विषयावर चेष्टा चालत नाही.

पण गोळीची एक बाजू चांगली आहे. ती फवारा नाही. पन्नास मीटरवर एका ठरलेल्या जागी जाते, आणि तिथे सापळा लावला की जवळजवळ सगळं शिसं परत हातात येतं. लॉर्डशिपच्या कोर्टाचा प्रश्न इथे लागू करा: जे साचूच दिलं नाही, त्याचा कचरा होणार कधी? म्हणूनच नियम करणारेही छर्रा आणि गोळी यांना एकाच मापानं मोजत नाहीत. ब्रिटननं जुलै २०२५ मध्ये शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंध जाहीर केले, तेव्हा एअरगनच्या पेलेट्सना त्यातून बाहेर ठेवलं.

संध्याकाळी भाचीला फोन केला. म्हटलं, "तुझा एक पेलेट अर्ध्या ग्रॅमचा. दहा मीटरवर लोखंडी पेटीत पडतो. शंभर शॉट मारलेस तरी पन्नास ग्रॅम, ते पण सगळं पेटीत. तुझं लगेच काही बंद होत नाही. उद्या झालंच तर कथलाचे पेलेट निघालेत. पणजी भांड्यांना कल्हई करून घ्यायची ना, तेच कथील."

"पण ते हलके असतात मामा. ग्रुपिंग बिघडतं." हिला माझ्याआधीच माहीत होतं! "दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, माहितीये ना?"

"मग सगळ्यांचंच बिघडेल. सगळे नव्यानं शिकतील."

जरा वेळ गप्प बसली. मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. "पेटी कोण रिकामी करतं गं?"

"आम्हीच. पाळीपाळीनं."

"हातानं?"

"हो. मग काय चमच्यानं?"

"आणि नंतर?"

"नंतर वडापाव."

खरं सांगतो, दिवसभर वाचलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा या एका शब्दानं मला जास्त घाबरवलं. बदकाला कळत नाही, ठीक आहे. पण जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तात अमुक इतकं शिसं सुरक्षित, अशी पातळीच माहीत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलांना धोका जास्त. एअर रायफलमध्ये निदान बारूद नसते. काडतुसाच्या टोपीत सहसा शिशाचंच संयुग असतं, त्याचा धूर बंदिस्त रेंजमध्ये थेट छातीत जातो. पण हाताला लागलेलं शिसं वडापावाबरोबर पोटात जायला धूर लागत नाही.

युरोपचा मसुदा पास होईल की नाही, यावर माझ्या भाचीचं फार काही अवलंबून नाही. तिच्या रेंजवर साबण आहे की नाही, यावर मात्र आहे. म्हणून ताईला वेगळा फोन केला. पेटी रिकामी करताना हातमोजे, नंतर साबणानं हात, रेंजमध्ये खाणं बंद, कोरड्या झाडूऐवजी ओलं पोतं, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासणं. ताई म्हणाली, सरांशी बोलते. साठलेल्या पेलेट्सचं काय करतात, तेही विचारायला सांगितलंय. भंगारात देत असतील तर उत्तम. रेंजमागच्या ओढ्यात जात असतील, तर लॉर्डशिपची गोष्ट मी स्वतः येऊन सांगणार आहे.

काल भाचीचा मेसेज आला. बेसिनशेजारी ठेवलेल्या लाल साबणाचा फोटो, खाली एक अंगठा. असो. एवढं पुरे.